वाफ, वारा आणि गंज : जुन्या ‘विक्रांत’बद्दल वाचकांचे प्रश्न

डिसेंबरच्या अंकात नौदल दिनाच्या निमित्ताने जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचं एक छायाचित्र छापलं होतं. खाली एवढीच ओळ होती : ‘मुंबईची विक्रांत, १९६१ ते १९९७’. तेवढ्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर सगळंच तिला द्यावं लागलं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त ठिकाणं दिली आहेत.

‘विक्रांत’ म्हणजे इंग्रजांनी वापरून टाकलेली जुनी बोट, असं आमच्या चाळीत सगळे ठामपणे सांगतात. यावर पैज लागली आहे. खरं काय? (गिरगाव)

पैज ‘नाही’ म्हणणाऱ्याने जिंकली. ब्रिटिश नौदलात ती एक दिवसही नव्हती.

तिचं मूळ नाव ‘हर्क्युलिस’. इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठी, विकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात १९४३ साली तिचा कणा घातला. २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा जपानने शरणागतीवर सह्या करून वीस दिवस झाले होते. युद्धच संपल्यावर विमानवाहू नौका कुणाला हवी? मे १९४६ मध्ये काम थांबलं. तेव्हा ती साधारण पाऊण तयार होती. तशीच ती दहा-अकरा वर्षं पडून राहिली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि उरलेलं काम बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत करून घेतलं. ‘टायटॅनिक’ बांधणारी गोदी ती हीच. ४ मार्च १९६१ रोजी तिथेच विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली, आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईत आली. स्वागताला पंडित नेहरू स्वतः होते.

काम रखडलं हे आपल्या पथ्यावरच पडलं. तिरकी धावपट्टी, विमानाला डेकवरून पुढे फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट आणि विमान उतरवण्यासाठीचा आरसा हे तिन्ही शोध १९४६ नंतरचे आहेत. ‘हर्क्युलिस’ तेव्हाच पूर्ण झाली असती, तर सरळ डेकची निघाली असती आणि जेट विमानांसाठी पुन्हा फोडावी लागली असती. बेलफास्टमध्ये या तिन्ही गोष्टी पहिल्यापासूनच बसल्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ तिच्यात आहे. ही हलक्या विमानवाहूंची मालिका युद्धाच्या घाईत आखली गेली. सांगाडा शक्य तितका व्यापारी जहाजांच्या नियमांनी बांधायचा, म्हणजे युद्धनौकांचा अनुभव नसलेल्या गोद्यांनाही तो जमेल, आणि युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीन वर्षं टिकली तरी पुष्कळ, असा हिशेब होता. त्या हिशेबातली नौका आपण ३६ वर्षं सेवेत ठेवली.

‘विक्रांत’ची लांबी २१३ मीटर म्हणतात. सांताक्रूझला विमान दोन-तीन किलोमीटर धावून उडतं. मग एवढ्याशा डेकवरून जेट कसं उडायचं? अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, सविस्तर सांगावं. (डोंबिवली)

मुळात २१३ मीटरही हाती नसतात. डेकच्या मागच्या भागात विमानं उतरतात, कडेला काही उभी असतात. उड्डाणाला मिळते ती नाळेकडची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडची एक पट्टी. तिच्याखाली कॅटापुल्ट असतो.

डेकखाली दोन लांब सिलिंडर शेजारी शेजारी, आडवे. दोघांच्याही माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत उभी चीर. आत एकेक पिस्टन. दोन्ही पिस्टन या चिरांमधून वर आलेल्या एका जोडाने बांधलेले, आणि त्या जोडाचा आकडा डेकवरच्या खाचेतून बाहेर डोकावतो. याला शटल म्हणतात. उड्डाणापूर्वी बॉयलरमधली वाफ मोठ्या टाक्यांमध्ये भरून ठेवतात. बॉयलरवर एकदम ताण येऊ नये म्हणून ही मधली साठवण.

विमान जागेवर आलं की तारेचा एक फास शटलच्या आकड्यात आणि विमानाच्या पोटाखालच्या दोन हुकांत अडकवतात. विमानाच्या मागे दुसरी साखळी असते. तिच्यात मुद्दाम ठेवलेला एक कमजोर दुवा ठरावीक ताणाला तुटतो. वैमानिक इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो, पण तेवढ्याने दुवा तुटत नाही, विमान जागेवर थरथरत राहतं. झडप उघडली की वाफेचा आणि इंजिनाचा जोर एकत्र होतो, दुवा तुटतो आणि दोनेक सेकंदांत विमान डेकच्या टोकाला पोहोचतं. तिथे तारेचा फास आपोआप गळून पडतो. पिस्टन थांबवायला सिलिंडरच्या पुढे पाण्याने भरलेली नळकांडी असतात. पिस्टनच्या तोंडावरचा निमुळता भाला त्या पाण्यात घुसतो आणि पाणी बाहेर पडायला जागा कमी कमी होत जाते. टनावारी वजनाचा पिस्टन त्यामुळे एक-दोन मीटरात थांबतो.

आता बिघडतं कुठे. पहिली जागा म्हणजे ती चीर. सिलिंडरला उभी चीर पाडली की वाफ गळणारच. म्हणून चिरेवर धातूची लवचीक पट्टी बसवतात. पिस्टन पुढे जाताना ती पट्टी उचलतो आणि मागे पुन्हा दाबून बसवत जातो. पट्टी झिजली किंवा मिठाने खरवडली की डेकवर वाफेचा पडदा दिसू लागतो. दिसणारी थोडी वाफ नेहमीचीच. ती वाढत गेली की सिलिंडर उघडायचा. दुसरी जागा वजनाचा आकडा. वाफेचा दाब विमानाच्या त्या क्षणीच्या वजनावर लावायचा असतो. बॉम्ब टांगून भरलेल्या सी हॉक या लढाऊ जेटचा दाब वेगळा, तीन माणसं घेऊन पाणबुडी शोधायला निघालेल्या आलिझे विमानाचा वेगळा. दाब कमी लागला तर विमान समुद्रात, जास्त लागला तर विमानाच्या पुढच्या चाकाला किंवा हुकांना इजा. म्हणून वजन पाटीवर लिहून वैमानिकाला दाखवत, त्याने मान डोलावली की मगच दाब लावत. तिसरी जागा म्हणजे सिलिंडरचं तापमान. थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली की तिचं पाणी होतं, आणि पाणी ढकलण्यात जोर वाया जातो. त्यामुळे पहिल्या उड्डाणाच्या बऱ्याच आधीपासून वाफ फिरवून सिलिंडर तापवावे लागतात.

‘विक्रांत’वर पहिलं जेट मात्र उडालं नाही, उतरलं. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी ते उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले.

१९७१ मध्ये ‘विक्रांत’चा बॉयलर फुटला होता आणि ती लंगडतच लढली, असं ऐकलं आहे. यात तथ्य किती? (परळ)

फुटला नव्हता, तडकला होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिच्यावर चार बॉयलर होते. वर वाफेचा एक पिंपासारखा ड्रम, खाली पाण्याचे दोन, आणि मध्ये शेकडो नळ्या. त्रिकोणी तंबूची पुढची बाजू पाहावी तशी ही रचना दिसते. तंबूच्या पोटात भट्टी. नळ्या खराब होणं नित्याचं. एखादी गळाली तर दोन्ही टोकांना बूच मारून काम चालतं. ड्रम म्हणजे मात्र बॉयलरचा पाया. जून १९७० मध्ये ‘विक्रांत’ मुंबईच्या नौदल गोदीत असताना खालच्या ड्रमांना आतून बारीक तडे गेलेले आढळले. वर्षानुवर्षं तापून-निवून, दाब चढून-उतरून धातू थकतो, त्याचे हे तडे. वेल्डिंगने ते बुजत नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा थकलेला धातू आणखी तडकतो. असे ड्रम इथे मिळत नव्हते, म्हणून ब्रिटनकडे मागणी गेली आणि दरम्यान बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम निघाला.

इकडे पूर्वेला युद्धाची चिन्हं दिसू लागली. नवे ड्रम आलेले नसतानाच २६ फेब्रुवारी १९७१ रोजी नौका बॅलार्ड पिअरच्या विस्तारित धक्क्यावरून नांगरवाड्यात नेली. १ मार्चला बॉयलर पेटले. नांगरावरच नौका ढकलणारे पंखे मिनिटाला ४० फेऱ्यांपर्यंत फिरवून पाहिले आणि त्याच दिवशी कॅटापुल्टही चालवून बघितला. १८ मार्चला ती चाचणीसाठी समुद्रात गेली. शेवटी मर्यादा ठरल्या : वाफेचा दाब चौरस इंचाला ४०० पौंडांपेक्षा जास्त नाही, पंख्याच्या फेऱ्या पुढे जाताना १२० आणि मागे येताना ८०. म्हणजे वेग १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). एरवी ती २४-२५ नॉट धावायची.

आता दहा नॉट कमी झाले तर बिघडलं काय? विमानवाहू नौकेला वेग पळण्यासाठी नको असतो, वारा बनवण्यासाठी हवा असतो. उड्डाणाच्या वेळी ती नाळ वाऱ्याकडे करते, म्हणजे नौकेचा वेग आणि खरा वारा यांची बेरीज डेकवर मिळते. समजा, भरलेल्या विमानाला हवेत तरंगायला १०५ नॉट लागतात आणि कॅटापुल्ट ८० देतो. उरले २५. नौका २४ ने धावत असेल तर एका नॉटची झुळूकही पुरते. ती १४ ने धावत असेल तर ११ नॉट खरा वारा पाहिजे, आणि बंगालच्या उपसागरात हिवाळ्यात तो सगळ्या वेळी मिळत नाही. वारा नसेल तर वजन उतरवायचं. पंखांची उचल वेगाच्या वर्गावर चालते. १०५ ऐवजी ९४ नॉट मिळाले तर उचल साधारण पाचव्या हिश्शाने घटते. भरलेल्या सी हॉकचं वजन सात टनांच्या थोडं पुढे. त्यातले जवळजवळ दीड टन काढायचे तर बॉम्ब किंवा इंधन, दुसरं काढण्यासारखं त्यात काही नसतं. (हलकं विमान कॅटापुल्ट थोडं जोरात फेकतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा यापेक्षा जरा कमी. पण वाफेचा दाबच कमी असेल तर तो दिलासाही अर्धाच.)

उतरतानाही तेच. विमान १०० नॉटने येत असेल आणि डेकवर २४ नॉट वारा असेल, तर तारेला ७६ नॉटचं विमान थांबवायचं असतं. १४ असेल तर ८६. फरक दहाचाच दिसतो, पण तारेवरचा भार सव्वापटीहून जास्त होतो.

एवढं असूनही तिला पूर्वेला पाठवलं, आणि तो निर्णय बरोबर होता असं आमचं स्पष्ट मत आहे. पश्चिमेला पाणबुड्यांच्या आणि पाकिस्तानी हवाई दलाच्या टप्प्यात १४ नॉटची नौका म्हणजे आयतं सावज झालं असतं. पूर्वेला समोर जेट विमानांचा ताफा लहान होता. पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ तिच्याच शोधात कराचीहून निघाली होती. तिला ‘विक्रांत’ विशाखापट्टणमजवळ आहे असं भासवत ठेवलं. प्रत्यक्षात ‘विक्रांत’ अंदमानात होती. ३-४ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ला केला, पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगलाची पाळी आली. नौकेच्या कामगिरीसाठी दोन महावीरचक्रं मिळाली. त्यांतलं एक कॅप्टन स्वराज प्रकाश यांचं, दुसरं सी हॉक तुकडीचे लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांचं.

बॉयलरचा प्रश्न पुरता सुटला तो १९७९ ते जानेवारी १९८२ च्या मोठ्या दुरुस्तीत. तेव्हा नवे बॉयलर बसले.

१९६५ मध्ये पाकिस्तानने ‘विक्रांत’ बुडवल्याचं जाहीर केलं होतं म्हणे? (कल्याण)

केलं होतं. ती तेव्हा मुंबईत, दुरुस्तीच्या गोदीत होती.

आरशाकडे बघून विमान उतरवायचे म्हणजे काय? (ठाणे)

डेकच्या डाव्या कडेला मोठा अंतर्वक्र आरसा असे. मागच्या बाजूने त्याच्यावर दिव्यांचा झोत टाकत. येणाऱ्या वैमानिकाला आरशात एक तेजस्वी ठिपका दिसे. आरशाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी रांग. ठिपका रांगेच्या वर दिसला तर विमान उंच आहे, खाली दिसला तर धोकादायकरीत्या खाली आहे, ओळीत असला तर बरोबर. आरसा गायरोला, म्हणजे तोल कायम राखणाऱ्या यंत्राला जोडलेला असतो, म्हणजे नौका लाटांवर खाली-वर झाली तरी त्याने दाखवलेली वाट हलत नाही.

यातली मेख अशी, की वैमानिक डोळ्यांनी ठिपका पाहतो, पण तार पकडायची असते शेपटीखालच्या हुकाने. डोळा आणि हुक यांच्यातलं उभं अंतर प्रत्येक विमानाचं वेगळं असतं. म्हणून सी हॉकनंतर आलिझे येणार असेल तर मधल्या वेळात आरशाची मांडणी बदलावी लागते. ते विसरलं तर वैमानिकाने सगळं अचूक करूनही हुक तारांच्या पुढे पडेल, किंवा वाईटात वाईट म्हणजे डेकच्या मागच्या कडेवर आपटेल.

आणखी एक नियम नवख्याला उलटा वाटतो. चाकं टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण ताकदीवर नेतो. हुकाला तार लागली तर तार त्याला थांबवेल. नाही लागली तर तिरक्या धावपट्टीवरून त्याला सरळ पुढे उडून जायचं असतं. पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता हे करता यावं म्हणूनच धावपट्टी तिरकी. तार सुटी नसते. डेकखाली ती कप्प्यांवरून फिरून एका हायड्रॉलिक दट्ट्याला ओढते. विमानाच्या वजनाप्रमाणे त्या दट्ट्याची झडप लावतात. तारेचे धागे तुटू लागले की ती सरळ बदलायची. तिथे ‘अजून एकदा चालेल’ हा आपला देशी उपाय चालत नाही.

एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठून? टाक्या भरून नेत का? (भांडुप, इयत्ता नववी)

छान प्रश्न. नौकेवर साधारण अकराशे माणसं असत. एवढ्यांचं पाणी टाक्यांत पुरत नाही, म्हणून समुद्राचंच पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडं पाणी करत. हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे इंधन वाचतं आणि भांड्याला मिठाची पुटंही कमी धरतात.

पण या पाण्यावर माणसांचा पहिला हक्क नसे. पहिला बॉयलरचा. बॉयलरला अतिशुद्ध पाणी लागतं, क्षाराचा अंश गेला तरी नळ्यांच्या आत थर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि नळी जळून फुटते. टर्बाइनमधून गेलेली वाफ पुन्हा थंड करून परत वापरता येते, पण कॅटापुल्टमधून गेलेली वाफ हवेत जाते ती गेलीच. म्हणजे दिवसभर उड्डाणं झाली की संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याला कात्री. मुंबईकरांना पाणीकपात समजवायला नको.

‘विक्रांत’ आणि ‘विराट’मध्ये मी कायम गोंधळते. आणि दोन्हींच्या नाळेला तो उतार, म्हणजे उलटा चढ, कशाला होता? (मालाड)

‘विराट’ ही खरोखर वापरलेली नौका, ब्रिटनची ‘हर्मीस’. १९५९ पासून त्यांच्या नौदलात, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ताफ्याची प्रमुख. १२ मे १९८७ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली, ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. पूर्ण भरल्यावर ‘विक्रांत’ साडेएकोणीस हजार टनांची, ‘विराट’ जवळपास २८,७०० टनांची. पटकन ओळखायचं तर क्रमांक पाहा : ‘विक्रांत’चा आर ११, ‘विराट’चा आर २२.

चढाला स्की-जंप म्हणतात. १९८३ च्या डिसेंबरमध्ये सी हॅरियर विमानं आली. त्यांच्या इंजिनाचे झोत वळवता येतात, म्हणून थोडं धावून उडायचं आणि सरळ खाली उतरायचं, अशी त्यांची पद्धत. सपाट डेकवरून उडालं तर टोकाशीच पुरेसा वेग हवा. चढावरून उडालं तर विमान वरच्या दिशेने फेकलं जातं आणि खाली येऊ लागण्यापूर्वी काही सेकंद मिळतात. त्या सेकंदांत वेग वाढतो. म्हणजे तेवढ्याच धावेत जास्त बॉम्ब आणि इंधन नेता येतं. २ एप्रिल १९८७ रोजी ‘विक्रांत’वरून शेवटचं आलिझे उडालं. त्यानंतरच्या दुरुस्तीत वाफेचा कॅटापुल्ट काढून ९.७५ अंशांचा चढ बसवला. ‘विराट’चा चढ १२ अंशांचा होता.

हॅरियरला मुंबईचा उकाडा सोसत नसे. गरम हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर घटतो, आणि सरळ खाली उतरताना सगळं वजन फक्त जोरावर तोललेलं असतं. त्यासाठी विमानात सुमारे २२७ लिटर शुद्ध पाण्याची टाकी असे. हे पाणी इंजिनात फवारलं की आतला भाग थंड राहतो आणि जोर वाढवता येतो. टाकी साधारण दीड मिनिटात रिकामी होते. तेवढ्यात उतरलं पाहिजे. शिवाय न वापरलेले बॉम्ब परत आणायचे तर वजन जास्त होतं, ते समुद्रात टाकूनच यावं लागे.

‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून का टिकली नाही? सरकारची इच्छाशक्ती नव्हती, दुसरं काय! (माझगाव आणि शिवडीहून अशाच आशयाची सात पत्रं)

इच्छाशक्तीचा भाग आहेच, पण लोखंडाची बाजूही ऐका.

ती ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात नौदल गोदीत ती संग्रहालय म्हणून लोकांना दाखवत. गोदी सुरक्षित क्षेत्रात असल्यामुळे दरवाजे रोज उघडे नसत. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून तेही बंद झालं. पुढे राज्य सरकारने ती कायमची सांभाळणं परवडणारं नाही असं सांगितलं, लिलाव झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये तोडण्याची वाट मोकळी झाली. किंमत आली सुमारे ६० कोटी रुपये.

आता गंज. पाण्यात उभी असलेली पोलादी नौका तीन ठिकाणी सडते. पहिलं ठिकाण पाण्याची रेषा. तिथे पत्रा कधी ओला, कधी कोरडा, वर भरपूर हवा, खाली मीठ. दुसरं आतून, तळघरातल्या साचलेल्या पाण्यात. तिथे हात पोचत नाही आणि रंग लावायला पत्रा कोरडा मिळत नाही. तिसरं ठिकाण पंख्याजवळ. पंखे कांस्याचे, कवच पोलादाचं. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते पोलाद. म्हणून जस्ताचे ठोकळे लावतात. पोलादाऐवजी ते झिजतात. पण ठोकळे बदलायला, पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने जागोजागी मोजायला, शिंपले खरवडून रंग द्यायला नौका सुक्या गोदीत न्यावी लागते, आणि तेही ठरावीक वर्षांनी, चुकवता येत नाही. सेवेतल्या नौकेला गोदीत पाळी मिळते. निवृत्त नौकेचा नंबर नेहमी शेवटचा. २१३ मीटरच्या नौकेला पुरेल अशी गोदी मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिच्यासाठी सेवेतली नौका थांबवायची कुणी? पंधरा वर्षं हे असंच चाललं की पत्रा बाहेरून रंगीत आणि आतून पापुद्र्यांचा होतो. मूळ बांधणी तीन वर्षांच्या हिशेबाची, हे इथे आठवा.

टिकवायचीच असती तर ती १९९७ मध्येच पाण्याबाहेर काढायला हवी होती : कायमच्या सुक्या खाचेत, किंवा तळ काँक्रीटमध्ये बसवून. तरंगत ठेवून वाचवण्याचा विचार पहिल्या दिवसापासून चुकीचा होता, असं आम्हाला वाटतं. तिच्या जोडीच्या, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने चालवलेल्या नौकांपैकीही एक आज उरलेली नाही. ‘विराट’चंही तेच. सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून तोडणीसाठी गुजरातमधल्या अलंगला गेली.

दारुखान्यात एवढी मोठी बोट तोडतात कशी? (रे रोड)

तुमच्या दारातच झालं, तरी फाटकाबाहेरून काही दिसलं नसणार. नौका आणायची तर उधाणाची भरती गाठतात, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची. आधी शक्य तेवढं वजन उतरवतात, म्हणजे ती कमी पाण्यात तरंगते. भरतीच्या माथ्यावर टग तिला चिखलात ढकलतात, ओहोटीला ती तिथेच बसते. पुढच्या उधाणाला विंचच्या तारांनी आणखी आत.

कापण्याआधी टाक्या रिकाम्या करून धुवायच्या आणि हवा मोजायची. तेलाची वाफ उरलेल्या टाकीवर गॅसकटर लावला की स्फोट, तोडणीच्या धंद्यातले सगळ्यात वाईट अपघात यातूनच होतात. दुसरं संकट अॅस्बेस्टॉस. त्या काळातल्या वाफेच्या नौकेत बॉयलर आणि नळ्यांना त्याचीच गुंडाळी असे. ती ओली करून, तोंड झाकून, पिशव्यांत बंद करून काढायची असते. कोरडी ओढली की तंतू छातीत जातात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उपटतो.

मग वरून खाली : डोलकाठी, बेट (डेकवरची ती इमारत), डेक, हँगरच्या भिंती. ऑक्सिजन आणि एलपीजीच्या ज्योतीने मोठे तुकडे पाडायचे, विंचने किनाऱ्यावर ओढायचे, तिथे ट्रकमध्ये बसतील एवढे बारीक करायचे. कापताना वजनाचा तोल दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा लागतो, नाहीतर उरलेला सांगाडा कलंडतो. पैसा पत्र्यापेक्षा पंख्यांच्या कांस्यात, कंडेन्सरच्या नळ्यांत आणि तांब्याच्या केबलमध्ये जास्त, किलोमागे. ‘विक्रांत’ मे २०१४ मध्ये दारुखान्यात आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कापायला सुरुवात झाली.

मुलांना दाखवायला आता काही शिल्लक आहे का? (विलेपार्ले)

थोडं आहे. फोर्टमध्ये नौदल गोदीच्या लायन गेटसमोर नौकेच्या धातूपासून केलेलं स्मारक आहे. शिल्पकार अर्झान खंबाटा, अनावरण जानेवारी २०१६. ते रस्त्यावरच आहे, परवानगी लागत नाही. त्याच वर्षी बाजारात आलेल्या बजाज ‘व्ही’ मोटरसायकलमध्ये तिचं पोलाद वितळवून वापरलं होतं. जुन्या गाड्यांत एखादी अजून दिसते.

विमानं पाहायची असतील तर गोव्याला जावं लागेल. वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, आलिझे आणि सी हॅरियर तिन्ही उभी आहेत. सी हॉकच्या पोटाखाली वाकून बघा, कॅटापुल्टचा फास अडकवायचे हुक मुलांना दाखवता येतील.

आणि आर ११ हा क्रमांक २ सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा चालू आहे, कोचीत बांधलेल्या नव्या ‘विक्रांत’वर. तिच्यावर बॉयलर नाहीत, चार गॅस टर्बाइन आहेत. कॅटापुल्टही नाही, नाळेला चढ आहे. उतरताना मात्र पूर्वीसारखीच तार पकडावी लागते.